सिलिॲक निघालं तर: रक्ततपासणीपासून हिंगाच्या डबीपर्यंत

मुलाचं पोट कायम फुगलेलं, हातपाय काटकुळे, उंची वर्गात सगळ्यांत कमी. घरचे जंताचं औषध देऊन थकतात. बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या कितीही गोळ्या खाल्ल्या तरी ८-९ च्या वर जात नाही. कुणाला तोंडात सारखे फोड येतात, कुणाची हाडं चाळिशीतच ठिसूळ होतात, कुणाचे गर्भ वारंवार पडतात. या सगळ्यांच्या मुळाशी गहू असू शकतो. जुलाब असतीलच असं नाही, कित्येकांना उलट बद्धकोष्ठ असतं.

सिलिॲक हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा शरीरावरच उलटते. गहू, सातू (जव) आणि राय (rye, मोहरी नव्हे) या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पूर्ण पचत नाही. त्याचे तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. तिथलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं विकर त्यांचं रूप थोडं बदलतं, आणि ज्यांच्या जनुकांत एचएलए डीक्यू२ किंवा डीक्यू८ आहे त्यांच्या पेशी त्या तुकड्यांना शत्रू समजतात. या लढाईत अस्तरावरची बोटांसारखी बारीक व्हिलाय झिजून सपाट होतात. अन्न शोषून घेणारा पृष्ठभागच उरत नाही, म्हणून लोह, कॅल्शियम, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, सगळ्याची तूट पडते.

ही जनुकं जवळपास तिसरा हिस्सा लोकांत असतात, पण आजार होतो त्यांतल्या मोजक्यांना. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत उत्तरेत शंभरात सव्वा माणसाला सिलिॲक आढळला, दक्षिणेत हजारात एकाला. जनुकांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. मोठा फरक होता तो रोजच्या ताटातल्या गव्हाचा. महाराष्ट्र मुळात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाचा मुलूख, पण आज बहुतेक घरांत दोन्ही वेळा पोळी असते. त्यामुळे ‘हा पंजाब-हरियाणाचा आजार’ असं म्हणून तपासणी टाळू नका.

गहू सोडण्याआधी रक्त द्या

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. कुणीतरी सांगतं, गहू बंद करून बघ. महिना-दोन महिन्यांत बरं वाटतं आणि मग तपासणीला जातात. गहू बंद झाला की रक्तातली प्रतिद्रव्यं (ॲन्टिबॉडीज) उतरू लागतात, आतडं भरून येऊ लागतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येऊ शकतो. मग आजार आहे की नाही हे अधांतरी राहतं, आणि आयुष्यभराचं पथ्य अंदाजावर पाळायचं हे फार कमी लोकांना जमतं.

पहिली चाचणी टीटीजी-आयजीए, म्हणजे वर सांगितलेल्या टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची आयजीए जातीची प्रतिद्रव्यं. तिच्यासोबत एकूण आयजीए मोजायला सांगा. कारण सिलिॲकच्या शंभर रुग्णांपैकी दोन-तीन जणांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही, त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही निगेटिव्ह येते. एकूण आयजीए फारच कमी निघालं तर आयजीजी प्रकारच्या चाचण्या (डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी) कराव्या लागतात. लॅबमधल्या ‘ग्लुटेन ॲलर्जी पॅनेल’ किंवा ‘फूड इन्टॉलरन्स’च्या शंभर पदार्थांच्या यादीवर पैसे घालवू नका, त्यांतून सिलिॲक कळत नाही.

टीटीजी वाढलेली आली की पोटाच्या डॉक्टरकडून एंडोस्कोपी. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून, म्हणजे ड्युओडेनममधून, निदान चार तुकडे आणि त्याच्या अगदी तोंडाशी असलेल्या बल्बमधून एक-दोन तुकडे घेतले जावेत. झीज ठिगळाठिगळाने असते. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर निदान हुकतं. तपासणीआधी हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: जिआर्डिया, ट्रॉपिकल स्प्रू अशा आजारांतही व्हिलाय सपाट होतात. म्हणून नुसत्या तुकड्याच्या रिपोर्टवरही निदान होत नाही. रक्त आणि तुकडा दोन्ही जुळावे लागतात, आणि पथ्यानंतरची सुधारणा त्यावर शिक्कामोर्तब करते.

लहान मुलांना सूट आहे. टीटीजी-आयजीए नेहमीच्या मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही प्रतिद्रव्यांची दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर युरोपातल्या बालरोग पोटतज्ज्ञांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे एंडोस्कोपीशिवाय निदान करता येतं. तो निर्णय पोटाच्या आजारांची माहिती असलेल्या बालरोगतज्ज्ञाने घ्यायचा.

आधीच गहू सोडला असेल तर दोन वाटा आहेत. एचएलए चाचणी पथ्यावर असतानाही करता येते. डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच, विषय संपला. असतील तर त्याचा अर्थ एवढाच की आजार होऊ शकतो. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा गहू सुरू करायचा. मोठ्या माणसाला साधारण रोज दोन पोळ्या, सहा ते आठ आठवडे, आणि मग रक्त. फार लहान मुलांत आणि ऐन वाढीच्या वयात हा प्रयोग शक्यतो टाळतात.

आणखी एक काम याच टप्प्यावर उरकून घ्या. एकाचं निदान झालं की आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात आजार असण्याची शक्यता शंभरात सात ते दहा असते, त्रास काहीच नसला तरी. त्यांचं रक्त स्वयंपाकघर बदलण्याआधी तपासा. एकदा सगळं घर भाकरीवर आलं की धाकट्या भावाच्या पोटात गहू जातो शाळेच्या कँटीनपुरता, आणि त्याची टीटीजी खोटा दिलासा देते. मुलांची चाचणी पहिल्यांदा निगेटिव्ह आली तरी दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी लागते.

थायरॉइड, साखर आणि बाकीची भावंडं

सिलिॲकसोबत इतर ऑटोइम्यून आजारही येऊ शकतात. ज्या जनुकांमुळे तो होतो, तीच जनुकं टाइप १ मधुमेह आणि ऑटोइम्यून थायरॉइडच्या मुळाशीही असतात. टाइप १ मधुमेहाच्या शंभर मुलांत साधारण पाच जणांना सिलिॲक सापडतो. शिवाय ऑटोइम्यून यकृतदाह, ॲडिसन आजार, डोळे-तोंड कोरडं पडणारा श्योग्रेन, कोड, चाई हेही त्याच गोतावळ्यातले. डाउन आणि टर्नर सिंड्रोममध्येही सिलिॲकचं प्रमाण जास्त असतं.

ग्लुटेन जितकी वर्षं पोटात जात राहील तितका या इतर आजारांचा धोका वाढतो का? १९९९ मध्ये इटलीतल्या एका मोठ्या पाहणीत वयाच्या दोन वर्षांच्या आत निदान झालेल्या मुलांपैकी सुमारे ५ टक्क्यांना दुसरा ऑटोइम्यून आजार होता, वयाच्या दहा वर्षांनंतर निदान झालेल्यांत जवळजवळ २४ टक्क्यांना. २००८ मधल्या फ्रेंच पाहणीत पथ्य पाळणाऱ्यांत असे आजार कमी दिसले. मात्र इतर काही पाहण्यांत असा संबंध आढळला नाही. तेव्हा ‘पथ्य पाळलं तर थायरॉइड होणारच नाही’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, आणि आधीच झालेला थायरॉइड किंवा मधुमेह गहू सोडल्याने बरा होईल असंही समजू नका. पथ्याने आतडं, हाडं, रक्त, वाढ सुधारते, ते निश्चित. बाकीच्या आजारांवर लक्ष ठेवायचं काम पथ्यासोबत वेगळं चालू ठेवायचं असतं.

हे लक्ष ठेवताना औषधांच्या मात्रेत गफलत होते, म्हणून थोडं सविस्तर. थायरॉइडची लिव्होथायरॉक्सिन गोळी लहान आतड्यात शोषली जाते. आतडं झिजलेलं असताना डॉक्टर मात्रा वाढवत जातात तरी टीएसएच (थायरॉइडच्या रक्तचाचणीतला आकडा) खाली येत नाही. अशा रुग्णाची टीटीजी तपासायलाच हवी. पथ्य सुरू झाल्यावर शोषण सुधारतं आणि तीच मात्रा जास्त होऊ लागते: छातीत धडधड, वजनात घट, झोप उडणं. म्हणून पथ्याला सुरुवात केल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा. गोळी सकाळी अनशापोटी, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून निदान चार तास लांब.

टाइप १ मधुमेहात उलटं चित्र. निदानाआधी अन्न नीट शोषलं जात नाही, त्यामुळे इन्शुलिन घेतल्यावर साखर अचानक खाली जाते आणि कारण कळत नाही. पथ्यानंतर इन्शुलिन जास्त लागू शकतं. त्यात बाजारातली ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटं आणि ब्रेड तांदूळ, मका, टॅपिओकाच्या स्टार्चचे असतात, साखर भराभर चढवतात. मधुमेही मुलाच्या डब्यात ते देण्यापेक्षा ज्वारी-नाचणीची भाकरी केव्हाही सरस. पहिले दोन-तीन महिने साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा आणि नोंदी मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा.

कोपर, गुडघे, कुल्ले इथे दोन्ही बाजूंना सारखे, प्रचंड खाजणारे बारीक फोड येत असतील तर तो सिलिॲकचाच त्वचेवरचा अवतार असू शकतो, डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. खरूज समजून मलमं लावली जातात. त्वचेचा तुकडा फोडाचा न घेता त्याच्या शेजारच्या चांगल्या कातडीचा घ्यावा लागतो. डॅप्सोन गोळीने खाज लवकर थांबते, पण ती सुरू करण्याआधी जी६पीडी (लाल रक्तपेशींना जपणारं विकर) तपासणं आवश्यक आहे, आणि गोळी चालू असली तरी गहू बंदच.

किती गहू म्हणजे जास्त

तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तर आतड्याला इजा होते, हे प्रयोगातून दिसलं आहे. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा. बहुतेकांना रोज १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तो पोळीचा अडीचशेवा भाग. म्हणून ‘एका घासाने काय होतंय’ हा प्रश्न आजीने कितीही मायेने विचारला तरी उत्तर एकच राहतं.

पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर भारतातल्या नियमांनुसार एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. असा माल दिवसभरात अर्धा किलो खाल्ला तरी हिशेब १० मिलिग्रॅमच्या आत राहतो. २० ते १०० मिलिग्रॅमच्या मालावर ‘लो ग्लुटेन’ असतं. तो सिलिॲकच्या माणसासाठी नाही.

आता खपली गहू. ‘खपलीत ग्लुटेन कमी, पचायला हलका’ म्हणून तो सगळीकडे विकला जातो, मधुमेहींना सुचवला जातो, आणि सिलिॲकच्या घरांतही पोचतो. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लुटेन आहे आणि ते आतडं झिजवतं. बन्सी, शरबती, मोड आणलेला गहू, आंबवलेल्या पिठाचा सावरडो ब्रेड, सगळ्यांना हाच नियम. सातूचं पीठ नावाने सात्त्विक वाटतं, पण त्यात सातू किंवा गहू असतोच.

धान्य निवडणं आणि दळणं

आपलं भाग्य असं की भाकरीचं ताट मुळातच ग्लुटेनमुक्त आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, मका, सगळ्या डाळी. उपवासाचा स्वयंपाक तर अख्खा चालतो. घोळ होतो तो गिरणीत.

गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. दळणवाल्याने तुमची ज्वारी वेगळी टाकली तरी सुपात, दगडांत, कापडी नळीत आधीचं गव्हाचं पीठ बसलेलं असतं, ते तुमच्या डब्यात उतरतं. हवेतही पीठच असतं. ‘आधी मूठभर ज्वारी फिरवून टाका’ हा उपाय पुरत नाही. तयार ज्वारीचं पीठ, बेसन, तांदळाची पिठी हेही बहुधा गहू दळणाऱ्या चक्कीवरचंच असतं. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ स्पष्ट छापलेलं नसेल तर सोडून द्या.

म्हणून घरघंटी घ्यावी, आणि ती नवी किंवा कधीही गहू न दळलेली. नातेवाइकांची जुनी घरघंटी घासूनपुसून वापरू नका, आतल्या कोपऱ्यांतलं पीठ निघत नाही. ऐपत नसेल तर चांगला मिक्सर आणि बारीक चाळण यांवर दोघातिघांचं भागतं. अर्धा-अर्धा वाटी धान्य थांबत थांबत दळायचं, नाहीतर पीठ तापतं आणि भाकरी चिरते.

दळण्याआधीचं काम असं. धान्य अख्खं आणा, सुट्टं नको, बंद पोत्यातलं. वाण्याकडे गहू आणि ज्वारी एकाच मापाने मोजतात. परातीत एका वेळी दोन मुठी पसरा, एकावर एक दाणा येऊ न देता. गव्हाचा दाणा लांबट, पोटावर चीर असलेला. ज्वारीच्या गोल, मोतिया दाण्यांत तो लगेच दिसतो. दोनदा निवडा, दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने. बाजरी आणि नाचणीसाठी आधी बारीक भोकांची चाळण, गहू वर राहतो. मग दोन-तीन पाण्यांनी धुऊन वरची धूळ काढा आणि स्वच्छ कापडावर कडक उन्हात पूर्ण वाळवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. ओलसर दाणा घरघंटीत चिकटतो आणि पीठ आंबूस होतं. पावसाळ्यात वाळवण होत नाही, म्हणून चार महिन्यांची ज्वारी, हरभऱ्याची डाळ आणि तांदूळ मे महिन्यातच धुऊन वाळवून डब्यांत भरून ठेवा. दळायचं मात्र आठवड्यापुरतंच.

कारण पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. ग्लुटेन म्हणजे कणकेचा चिवटपणा. ज्वारीत तो नसतो, भाकरी धरून ठेवतो तो पिठातला उकडलेला स्टार्च. म्हणून पाणी उकळतं लागतं. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी. पीठ नवं तर कमी, जुनं तर जास्त. चमच्याने कालवून पाच मिनिटं झाका, मग तळहाताच्या टाचेने चार-पाच मिनिटं मळा. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवा आणि ते सुकत आलं की उलटा. पूर्ण सुकू दिलंत तर भेगा, ओलं असताना उलटलंत तर तव्याला चिकटते. डब्यासाठी उकड काढून करा: एक वाटी पाण्यात मीठ आणि चमचाभर तेल घालून उकळी, त्यात एक वाटी पीठ, झाकून दहा मिनिटं, मग मळून लाटा. अशी भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते आणि गुंडाळताही येते. तरीही तुटत असेल तर वाटीला एक छोटा चमचा इसबगोल घाला.

रोज नुसत्या तांदळावर राहू नका. भात आणि साबुदाण्यावर भागवलं तर तंतू, लोह, कॅल्शियम कमी पडतात, आणि तुटीतून तर नुकतंच बाहेर यायचं असतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आठवड्यातून तीन-चार दिवस नाचणी ठेवा.

भांडी

ग्लुटेन जंतू नाही. उकळून, भाजून, सॅनिटायझरने ते मरत नाही. साबण, घासणी आणि वाहतं पाणी यांनी निघून जातं, जिथे पृष्ठभाग गुळगुळीत असेल तिथे. स्टील आणि काचेची भांडी घासून वापरा. लाकडी पोळपाट-लाटणं, काठवट, लाकडी डाव, बिडाचा तवा, ओरखडे पडलेला नॉन-स्टिक, पिठाची चाळण, टोस्टर आणि भांडी घासायचा काथ्या किंवा स्पंज नवे, वेगळे, आणि त्यांवर रंगीत दोरा बांधलेले.

घरात पोळ्याही होणार असतील तर भाकरी आधी, पोळ्या नंतर. कणीक मळताना उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहून उघड्या भांड्यांवर बसतं. पुऱ्या, शंकरपाळी तळलेलं तेल पापड तळायला नको. तूप, लोणी, लोणचं, जॅम यांच्या बरण्या वेगळ्या. पोळीचा चुरा लागलेला चमचा तुपात बुडाला की ती बरणी गेली. जमत असेल तर पहिलं वर्षभर तरी घरात गहू आणूच नका. रोजच्या पहाऱ्यापेक्षा ते सोपं जातं, आणि लहान मुलाला वेगळं पाडल्यासारखं वाटत नाही.

लपलेला गहू

रवा, शेवया, लापशी, दलिया, कुरडया (त्या गव्हाच्या चिकाच्या), पुरणपोळी, करंजी, चिरोटे हे उघड आहेत. न दिसणाऱ्यांत पहिला नंबर हिंगाचा. बाजारातला बांधणी हिंग म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि पुष्कळदा गव्हाचं पीठ. चिमूटभरच असतो, पण तो दोन्ही वेळच्या आमटीत, भाजीत, ताकात पडतो. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, किंवा शुद्ध खडा आणून कुटून ठेवा. हाच हिंग गोड्या मसाल्यात, लोणच्याच्या मसाल्यात, उडदाच्या पापडात, चिवड्यात असतो. म्हणजे डबी बदलून काम संपत नाही, वर्षाचे मसालेही पुन्हा करावे लागतात.

थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात परंपरेने गहू असतो. गव्हाऐवजी ज्वारी वाढवून भाजणी घरीच करा. चकलीची भाजणी सहसा तांदूळ-डाळींची, पण विकतच्या चकलीत मैदा मिसळलेला असू शकतो. बेसनाच्या लाडवात रवा घालण्याची पद्धत आहे, विचारून घ्या. कॉर्नफ्लेक्समध्ये आणि मुलांच्या दुधात घालायच्या पावडरींमध्ये माल्ट असतं, म्हणजे सातू. सोया सॉस, बिअर, माल्ट व्हिनेगर बंद. ओट्समध्ये ग्लुटेन नसतं, पण ते गव्हासोबत कापले-दळले जातात. पहिलं वर्षभर थांबा, टीटीजी नॉर्मल झाल्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेले ओट्स थोडे घेऊन बघा. थोड्या लोकांना तेही सोसत नाहीत.

हॉटेलात ‘भाकरी आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. ती बहुधा पोळीच्याच परातीत मळलेली, कणकेवर थापलेली असते. डोसा रवा डोशाच्या तव्यावर, सांबारात बांधणी हिंग. कोकणात आणि गोव्यात मासा रव्यात घोळवून तळतात. तांदळाच्या पिठीत घोळवून वेगळ्या तव्यावर देणार का, हे स्वयंपाक्यालाच विचारा, वाढप्याला नको. लग्नाकार्यात घरून जेवून जाणं बरं. सत्यनारायणाच्या प्रसादाला वरईच्या तांदळाचा किंवा राजगिऱ्याचा शिरा करता येतो, गणपतीला तांदळाच्या उकडीचे मोदक आहेतच, पिठी घरची हवी. वसई-गोव्यातल्या ख्रिस्ती घरांसाठी: चर्च गव्हाशिवायची होस्तिया (मिस्सातली पवित्र भाकर) मान्य करत नाही, पण अतिशय कमी ग्लुटेनची चालते, किंवा वेगळ्या पेल्यातून नुसता द्राक्षारस घेता येतो. धर्मगुरूंशी आधी बोलून ठेवा.

पुढच्या वर्षांतल्या तपासण्या

निदानाच्या वेळी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी१२, फॉलिक ॲसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृताच्या चाचण्या, टीएसएच आणि उपाशीपोटी साखर बघून घ्या. मोठ्यांची हाडांची घनता (डेक्सा) सुरुवातीला एकदा. टीटीजी सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. ती एकदम नॉर्मल होत नाही, वर्ष-दोन वर्षं लागतात. आकडा उतरतो आहे ना, ते पाहायचं, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. टीएसएच दरवर्षी. मुलांची उंची-वजन दर तीन ते सहा महिन्यांनी तक्त्यावर मांडा. पथ्य नीट चाललं तर मूल काही महिन्यांतच भराभर वाढू लागतं. या आजारात प्लीहेचं काम मंदावू शकतं, म्हणून न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

सुरुवातीला दुधानेही पोट बिघडू शकतं. झिजलेल्या अस्तरात दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडतं. काही आठवडे दुधाऐवजी दही-ताक घ्या, आतडं भरून आलं की दूध परत चालतं.

सहा महिने-वर्ष पथ्य करूनही त्रास जात नसेल किंवा टीटीजी उतरत नसेल, तर लगेच ‘पथ्याला दाद न देणारा सिलिॲक’ अशा धास्तीत पडू नका. तो फार दुर्मिळ आहे. बहुतेक वेळा गहू कुठून तरी जात असतो. सात दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा, गोळ्या, चूर्णं, आसवं, टूथपेस्ट, शाळेत वाटलेलं चॉकलेट सुद्धा. वही आणि पाकिटं घेऊन आहारतज्ज्ञाकडे जा. त्यात काहीच सापडलं नाही तर मग दुधातली साखर न पचणं, आतड्यातली जंतूंची वाढ, स्वादुपिंडाचा मंदपणा, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी मोठ्या आतड्याची सूज) यांचा डॉक्टर शोध घेतात. वही लिहायला बसण्याआधी मिसळणाच्या डब्यापाशी जाऊन हिंगाच्या डबीवरचे घटक पुन्हा एकदा वाचा. तिथपासून सुरुवात करा.